मालागाची 'मिताद' सांगलीत कशी जमवायची? (दुधाची स्पॅनिश कॉफी)

आबा_विश्रामबाग लिहितात:

मंडळी, नमस्कार. धागा पाककृती विभागात टाकतोय, पण मला स्वतःला पोहे सोडून काही येत नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

गेल्या वर्षी लेकीच्या बाळंतपणाला आम्ही दोघं साडेतीन महिने मालागाला होतो. दक्षिण स्पेन, समुद्रकाठचं गाव. लेक-जावई दोघं तिथल्या टेक्नॉलॉजी पार्कात नोकरीला. घरातलं सगळं हिच्याकडे: डिंकाचे लाडू, बाळाचं मालिश, शेक. मला काम एकच. सकाळी साडेआठला नातवाला बाबागाडीत घालायचं आणि तासभर बाहेर काढायचं, म्हणजे लेकीला डोळा लागेल. घर उएलिन भागात. कोपऱ्यावर एक बार होता. बार म्हटल्यावर ही दचकली, पण तिकडचा बार म्हणजे आपलं हॉटेलच. सकाळी कॉफी-पाव, दुपारी जेवण, रात्री ज्याला जे हवं ते.

पहिल्या दिवशी मी पाठ करून गेलेलं 'काफे कोन लेचे' (दूध घातलेली कॉफी) म्हटलं. काउंटरवरच्या बाईंनी (माझ्याच वयाच्या असतील) भिंतीकडे बोट दाखवलं. तिथं भिंतीच्या टाइल्सवर दहा पेल्यांची चित्रं, एकेकात कॉफी कमी आणि दूध जास्त होत गेलेलं. प्रत्येक पेल्याला नाव. 'सोलो' म्हणजे नुसती कॉफी, मध्यावर 'मिताद' म्हणजे अर्धी-अर्धी, मग 'सोंब्रा' म्हणजे सावली, 'नुबे' म्हणजे ढग, आणि शेवटचा पेला रिकामा: 'मला देऊच नका'! ही नावं त्या गावातल्या काफे सेंत्राल नावाच्या जुन्या कॉफीहाउसातून आली, असं लेकीनं सांगितलं. स्पेनच्या यादवी युद्धानंतर कॉफीची टंचाई, गिऱ्हाईक म्हणणार 'थोडं जास्त', 'थोडं कमी' आणि पेला परत पाठवणार, म्हणून मालकानं तक्ताच करून टाकला म्हणे. ते दुकान २०२२ च्या जानेवारीत बंद पडलं, मला बघायला मिळालं नाही. पण तक्त्याच्या नकला गावभर आहेत.

मी 'मिताद'वर बोट ठेवलं ते साडेतीन महिने उचललं नाही. काचेच्या पेल्यात यायची, कान नसलेल्या. पेला इतका गरम की वरच्या काठाला दोन बोटांनी धरायचा. सोबत 'पितुफो', म्हणजे छोटा पाव, त्यावर किसलेला टोमॅटो आणि ऑलिव्हचं तेल. नातू गाडीत झोपलेला. असो.

आता अडचण. चव अशी होती: कडवट, जराशी करपल्यासारखी, पण आंबटपणा शून्य. फेस नावापुरता. आणि दुधाला किंचित खव्याचा वास. इकडे आल्यापासून मी पुढील प्रयोग केले.

एक, बाटलीतली झटपट कॉफी अर्धं पाणी अर्धं दूध. ही म्हणजे लग्नातल्या मशीनची कॉफी झाली.

दोन, जावयानं येताना हातात दिलेला तीन कपी मोका पॉट (गॅसवर ठेवायचं कॉफीचं भांडं: खाली पाणी, मध्ये चाळणीत पावडर, वाफेच्या दाबानं कॉफी वरच्या भांड्यात येते). बारवाल्या बाई पावडर दाबून बसवायच्या ते रोज पाहिलेलं, म्हणून मीही वाटीच्या बुडानं घट्ट दाबली. वर कॉफी येईना. बाजूच्या झडपेतून वाफेची पिचकारी मात्र सुरू. आतून प्रश्न आला, "कुकर लावलाय का?"

तीन, न दाबता. कॉफी आली, पण आंबट. पावडर पुण्याहून मुद्दाम मागवलेली, पाकिटावर फळांची नावं लिहिलेली, महागडी. दूध घरचंच, म्हशीचं. वर साय आली आणि चव बसूनच गेली.

चुकतंय कुठं? मशीन घेणार नाही. हिनं आधीच सांगून ठेवलंय की ओट्यावर एकतर मिक्सर राहील नाहीतर मशीन.

---

नाना_कटिंग लिहितात:

आबा, अर्धं दूध अर्धी कॉफी म्हणजे आमच्या लहानपणी परीक्षेच्या वेळी मिळायची तीच की. जायफळ उगाळून घाला आणि गप झोपा.

---

आबा_विश्रामबाग लिहितात:

नाना, जायफळाची कॉफी आमच्या आईची, तिला कुणी हात लावायचा नाही. पण ती प्यायल्यावर झोप येते. ही प्यायल्यावर गाडी ढकलायची असते.

---

लाव्हापिएसची_ठाणेकर लिहितात:

आबा, वाचून बरं वाटलं. मी माद्रिदला अकरा वर्षं आहे, त्यातली पहिली दोन शिकत असताना शनिवार-रविवार एका बारमध्ये काउंटरच्या आत होते. तेव्हा जे सांगते ते आतल्या बाजूनं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच वर्णनात आहे. "करपल्यासारखी, पण आंबट नाही" ही चव दुधाची नाही, यंत्राची तर मुळीच नाही. ती भाजणीची आहे. स्पेनमध्ये 'तोर्रेफाक्तो' नावाचा प्रकार असतो. कॉफीचे दाणे भाजताना शेवटी शेवटी त्यात साखर टाकतात. साखर वितळते, जळते, आणि प्रत्येक दाण्यावर काळं चकचकीत कवच धरते. दाणा बघितलात तर वाटेल पॉलिश केलंय. गोड बिलकुल लागत नाही, कारण साखरेची साखर राहिलेलीच नसते, कडू होते. साखर किती टाकायची यालाही नियमानं मर्यादा आहे, १०० किलो कॉफीला १५ किलो. बादाहोसकडच्या होसे गोमेस तेहेदोर नावाच्या कॉफीवाल्यानं ही पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनमध्ये आणली असं सांगतात. पण घरोघरी पोचली ती यादवी युद्धानंतरच्या टंचाईत. रेशनिंग १९५२ पर्यंत होतं. तोर्रेफाक्तोनं थोड्या कॉफीत रंग जास्त यायचा, हलका दाणाही खपून जायचा. ज्यांना तीही परवडत नव्हती ते चिकोरी (एका झाडाचं भाजून दळलेलं मूळ) उकळून प्यायचे. टंचाई गेली, जिभेला लागलेली चव राहिली.

नुसतं तोर्रेफाक्तो फारसं कुणी पीत नाही. दुकानात 'मेस्क्ला' मिळते, म्हणजे मिश्रण. पाकिटावर ७०/३० किंवा ५०/५० लिहिलेलं असतं, दुसरा आकडा तोर्रेफाक्तोचा. वर त्यात रोबस्टाही (कॉफीची जास्त कडू जात) बऱ्यापैकी. तुमच्या कोपऱ्यावरच्या बाई हेच वापरत असणार. हल्लीच्या नव्या कॉफीवाल्या पोरांना हे नाव काढलं की अंगावर झुरळ पडल्यासारखं होतं. ते तुम्हाला जे देतील ते तुमच्या पुण्याच्या पाकिटासारखंच, फळफळीत आणि आंबट. दोन्ही आपापल्या जागी ठीक, पण तुम्हाला हवं ते तिथं मिळणार नाही. तेव्हा पहिली गोष्ट, ते महागडं पाकीट नानांना द्या.

आता मोका. बारमधल्या यंत्रात ९ बारचा (हे बार म्हणजे दाबाचं माप) दाब असतो, म्हणून पावडर दाबून बसवावी लागते. मोक्यात जेमतेम दीड-दोन बार. दाबलीत की पाणी वाट सोडून झडपेतून बाहेर पडणार. झडपेनं तिचं काम केलं, तिचे आभार माना. पावडर चमच्यानं भरा, कडेनं बोट फिरवून सपाट करा, बस्स. तीन कपीला साधारण १५ ग्रॅम लागते. दळण मिठाएवढं. खाली पाणी झडपेच्या आतच राहील एवढं, आणि ते आधीच तापवलेलं घाला. गार पाण्यानं सुरुवात केली की पाणी तापेपर्यंत पावडर बसल्या जागी भाजत राहते. (वरचं भांडं फिरवून बसवताना खालचं फडक्यात धरा. हे मी पोळून शिकले आहे.) गॅस बारीक. झाकण उघडं ठेवून बघत उभं राहायचं. मधासारखी धार येते, मग रंग फिका होतो, मग ती फुसफुसायला लागते. फुसफुस ऐकू येण्याआधी उतरवा आणि खालचं बूड नळाखाली धरा. शेवटची ती पिवळट धार पेल्यात गेली की सगळं बिघडतं.

प्रमाण: बारमध्ये यंत्राची कॉफी दाट असते म्हणून दूध जास्त चालतं. मोक्याची त्यापेक्षा पातळ. तेव्हा घरी सरळ सरळ अर्धी-अर्धी. ९० मिली कॉफी, ९० मिली दूध. म्हणजे तुमचा मितादच झाला. आधी कॉफी, वरून दूध. फेस करायच्या भानगडीत पडू नका. मी काउंटरच्या आत असताना फेसाबद्दल एकाही आजोबांनी तक्रार केली नाही. तक्रारी यायच्या त्या दुधाच्या तापमानाच्या. 'कालिएंते' (गरम), 'तेंप्लादा' (कोमट), 'मुय कालिएंते' (खूप गरम), आणि एक गृहस्थ होते ते म्हणायचे, "इतकं गरम की माझी बायको आठवली पाहिजे." कुठल्या अर्थानं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

अवांतर: २०१३ मध्ये माद्रिदच्या महापौर आना बोतेया ऑलिंपिक मागायला ब्यूनस आयर्सला गेल्या होत्या, आणि तिथं इंग्रजीत म्हणाल्या की प्लासा मायोरमध्ये बसून 'रिलॅक्सिंग कप ऑफ काफे कोन लेचे' प्या. ऑलिंपिक तोक्योला गेलं. इथं मात्र ते वाक्य अजून टी-शर्टवर मिळतं.

तोर्रेफाक्तोला तिकडे पर्याय काय, ते मला सांगता येत नाही. कुणी तरी सांगेल.

---

मडिकेरीची_सून लिहितात:

मी सांगते. माहेर मिरज, सासर कोडगू (कूर्ग), घरची बाग लहानशी, त्यात मिरी आणि रोबस्टा.

ठाणेकर ताईंनी चिकोरीचा उल्लेख केलाच आहे. उत्तर तेच. जळक्या साखरेनं कॉफीला जे येतं (काळा रंग, दाटपणा, कडवट गोडसरपणा) त्याच्या सगळ्यात जवळ जाणारी आपल्याकडची वस्तू चिकोरीच. स्पेनमध्ये टंचाईनं ती चव लावली, आपल्याकडे दक्षिणेत सवयीनं. आबा, कुठल्याही दक्षिणी कॉफीवाल्याकडे जाऊन असं सांगा: गडद भाजलेली, निम्मी रोबस्टा, आणि चिकोरी शंभरात दहा. चिकोरीचं मिश्रण सहसा ८०:२० किंवा ७०:३० मिळतं, ते पितळी-स्टीलच्या फिल्टरसाठी ठीक आहे. मोक्यात घालू नका. भिजली की चिकट होते आणि चाळणी तुंबते. मग पुन्हा तुमचा कुकर.

दळण जरा जाड मागा. आमच्याकडे फिल्टरसाठी देतात ते पिठासारखं असतं.

आणि हो, आमच्याकडे हीच कॉफी डिकॉक्शन (फिल्टरमधून उतरलेला कॉफीचा दाट अर्क) थोडं आणि दूध भरपूर अशी पितात. तुमच्या तक्त्यात ती 'सावली'च्याही पुढं जाईल.

---

दूधसंघ_निवृत्त लिहितात:

कॉफीतलं मला कळत नाही, दुधातलं चौतीस वर्षं केलंय.

आबांना जो खव्याचा वास आला तो बरोबर पकडलाय. स्पेनमध्ये घरोघरी आणि बारमध्येही मुख्यतः खोक्यातलं दूध असतं, ज्याला आपण टेट्रा पॅकचं म्हणतो. ते १३५ अंशांच्या वर दोन-चार सेकंद तापवून लगेच गार करतात, म्हणून फ्रीजशिवाय महिनोन्‌महिने टिकतं. त्या उष्णतेत दुधातली पाण्यात विरघळणारी प्रथिनं उलगडतात आणि त्यांतलं गंधक मोकळं होतं. तोच तो शिजल्यासारखा वास. वर बारमध्ये वाफ मारून मारून तेच दूध पुन्हा पुन्हा तापवतात, म्हणजे वास वाढलाच. वाफेचं पाणी होऊन दूध थोडं पातळही होतं.

आता फॅट. त्यांचं अख्खं दूध साडेतीन टक्क्यांच्या आसपास. तुमचं म्हशीचं सहा-सातच्या घरात. जिभेवर फॅटचा थर बसला की कडू चव पोचतच नाही. तुम्ही 'चव बसूनच गेली' म्हणालात ते अगदी शब्दशः. म्हशीच्या दुधात प्रथिनंही जास्त, तीही कडूपणा ओढून घेतात. चहाला ते उत्तम, कारण चहात आपण साखर, आलं सगळं वरून मारतो.

तेव्हा गाईचं पिशवीतलं दूध घ्या. टेट्रा पॅकची गरज नाही. आपण घरी दूध उकळतोच, त्यानंही तो वास येतो. एक उकळी येऊ द्या, गार करा, साय पूर्ण काढा. कॉफीच्या वेळी पाहिजे तेवढंच पुन्हा तापवा. कडेनं बारीक बुडबुडे दिसले, पातेल्याला हात लावून लगेच काढावा लागला, की ६५-७० अंश झाले. उकळू नका. आणि ९० मिलीला एक चमचा पाणी घालून बघा. पाणी घातलेलं दूध सुचवायची वेळ माझ्यावर येईल असं नोकरीत असताना वाटलं नव्हतं.

---

नाना_कटिंग लिहितात:

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा. +१

(पाकिटाची वाट बघतोय.)

---

आबा_विश्रामबाग लिहितात:

उशीर झाला उत्तराला. बारा दिवस प्रयोग चालू होते. सगळ्यांचे आभार, आणि आता हिशोब देतो. बँकेत होतो, हिशोब दिल्याशिवाय झोप लागत नाही.

पावडर: मडिकेरीच्या सूनबाईंनी सांगितलं तसंच दुकानात म्हटलं. दुकानदार म्हणाला, दहा टक्के कुणी मागत नाही, एकतर वीस न्या नाहीतर शुद्ध न्या. शेवटी दोन्ही पाव-पाव किलो आणली आणि घरी निम्मी-निम्मी मिसळली. दहा झाले की नाही? तो म्हणाला, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

पहिल्या दिवशी मोका गॅसवर उभाच राहीना. बूड लहान, बर्नरचे पाय लांब, तिरका होऊन पडायला आला. हिनं न बोलता पापड भाजायची जाळी आणून खाली सरकवली. ती जाळी आता मोक्याच्या नावावर झालीय.

तापलेलं पाणी, न दाबलेली पावडर, बारीक गॅस. साडेचार मिनिटांत धार आली, आणि ताई, खरंच मधासारखी. मी फुसफुशीची वाट बघत बसलो आणि चुकलो. वाट बघायची नसते, आधीच उतरवायचं असतं. दुसऱ्या दिवशी आधी उतरवलं. आंबटपणा गेला तो गेलाच.

दूध गाईचं, साय काढून. काढलेल्या सायीचं काय, यावर घरात वेगळी चर्चा झाली, विरजणात गेली. एक चमचा पाणी घातलं. हे कुणाला सांगितलं नव्हतं, फक्त इथं लिहितोय.

चौथ्या दिवशी म्हटलं, जळक्या साखरेचंही बघू. लोखंडी पळीत एक चमचा साखर धूर येईपर्यंत जाळली, त्यात पाणी ओतलं (लांब उभं राहून ओता, उडतं), आणि तो काळा पाक ड्रॉपरनं थेंब-थेंब कॉफीत. तीन थेंबांना काही कळलं नाही. सहा थेंबांना मी एकदम उएलिनला. दहा थेंबांना औषध. पण घरभर धूर झाला, शेजारच्या वहिनी विचारून गेल्या काही जळतंय का. सहा थेंब कबूल आहेत, पण रोजचं नाही. चिकोरीनं पंचाहत्तर टक्के काम होतंय, मला तेवढं पुरे.

पेला मात्र लगेच मिळाला. पहिल्या प्रयत्नात कटिंगचा ग्लास घेतला होता, त्यात निम्मीच मावली. माळ्यावर पन्ह्याचे जुने काचेचे ग्लास होते, सरळ उभे, दोनशे मिलीचे. तंतोतंत तेच.

पितुफोसाठी बेकरीतला पाव, किसलेला टोमॅटो आणि घरचं करडईचं तेल घालून बघितलं. ते सोडून द्या.

रविवारी व्हिडिओवर लेकीला पेला दाखवला. ती बघताक्षणी म्हणाली, "बाबा, हा मिताद नाही, हा सोंब्रा झाला. कॉफी वाढवा." रंगावरून ओळखलं. बघितलं तर मी नव्वदच्या जागी सत्तर मिलीच कॉफी घेत होतो, शेवटची धार टाकायच्या भीतीनं लवकर उतरवत होतो. आता पावडर एक चमचा वाढवलीय आणि दूध सत्तरच घेतो. पेला थोडा कमी भरतो, पण रंग जमला. नातू आता उभा राहायला लागलाय, तो स्क्रीनला हात लावून 'आब्बा' म्हणतो. लेक म्हणते ते आबा नव्हे, 'आग्वा', पाणी मागतोय. आम्ही आबाच धरतो.

हिनं कालपर्यंत चव घेतली नव्हती. काल म्हणाली, मलाही दे, पण कॉफी अगदी रंगापुरती. म्हणजे 'नुबे'. एका तीन कपी मोक्यात एक मिताद आणि एक नुबे बरोबर निघतो, उरत काही नाही.

नाना, पाकीट तुमच्या पत्त्यावर कुरिअर करायला तयार आहे, पण ते आंबट आहे हे आधी सांगितलंय. नंतर तक्रार चालणार नाही.

---

लाव्हापिएसची_ठाणेकर लिहितात:

आबा, मोका साबणानं घासू नका हं, नुसत्या गरम पाण्यानं विसळा आणि सुटा करून वाळवा. ॲल्युमिनियमचा असेल तर डिशवॉशरलाही नाही, काळा पडतो. मधला रबर वर्षा-दीड वर्षानं बदलायचा.

---

आबा_विश्रामबाग लिहितात:

ताई, उशीर झाला. पहिल्याच दिवशी कामवाल्या मावशींनी राखेनं घासून लख्ख करून ठेवलाय. आरशासारखा दिसतो. चालेल ना?

---

लाव्हापिएसची_ठाणेकर लिहितात:

राखेनं?! दोनदा नुसती कॉफी काढून फेकून द्या, मग चालेल. आणि मावशींना एक मिताद द्या.